छप्पन्नचं मोडेम आणि शंभरचं फायबर: वेगाचं रूपांतर करताना कुठे चुकतं

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे फायबर जोडून दिलं. गुरुजी माझं जुनं गिऱ्हाईक. २००० साली कराडात मी सायबर कॅफे चालवायचो, तेव्हा दर रविवारी ते अमेरिकेतल्या मुलाची ईमेल वाचायला यायचे आणि प्रिंटचे पैसे वाचवायला सगळी वहीत उतरवून न्यायचे. जोडणी झाली, हिरवे दिवे लागले. चष्मा कपाळावर सरकवत त्यांनी विचारलं, "अरे, तुझ्या कॅफेत छप्पन्नचं मोडेम होतं ना? आणि हे शंभरचं. म्हणजे एवढ्या वर्षांत दुप्पटसुद्धा नाही झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "पैसे घेतलेस शंभरचे आणि इथे येतंय अकरा. हे तर छप्पन्नपेक्षाही कमी झालं की रे!"

गुरुजींचं गणित पक्कं होतं. घोळ मापांचा होता. छप्पन्न होते किलोबिट, शंभर होते मेगाबिट आणि अकरा होते मेगाबाइट. हाच घोळ मी आमच्याकडे नव्याने कामाला लागणाऱ्या पोरांकडून ऐकतो, गिऱ्हाइकांकडून ऐकतो, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मीही हाच घोळ घालत होतो. मोडेमच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं त्या काळातला एखादा आकडा हातात असेल आणि तो आजच्या फायबरशी ताडून बघायचा असेल, तर भागाकार शेवटी करायचा. आकडा नेमका कशाचा आहे ते आधी शोधायचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हाताशी काय लागेल

– प्लॅनचा कागद किंवा मेसेज, ज्यावर वेग आणि महिन्याचा डेटा छापलेला आहे.
– जुना आकडा कुठून आला त्याची नोंद: मोडेमच्या डब्यावर छापलेला, जोडणी होताना स्क्रीनवर आलेला, की फाइल उतरताना दिसलेला.
– लॅनची वायर (कॉम्प्युटर ते राउटर), आठही तारा जोडलेली. फक्त वायफाय असेल तर मोजमाप नको, नुसता अंदाज म्हणा.
– आकार नक्की माहीत असलेली एखादी मोठी फाइल, आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
– साधा कॅल्क्युलेटर.

१. बिट आहे की बाइट, ते आधी ठरवा

बिट म्हणजे एक शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट. रोमन लिपीत बिटसाठी लहान बी लिहितात आणि बाइटसाठी मोठा. आपल्याकडे पंचाईत अशी की देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. मराठी पत्रकावर 'एमबीपीएस' छापलं की ते मेगाबिट आहे की मेगाबाइट, हे अक्षरावरून कळायला मार्गच नाही. म्हणून वहीत लिहिताना मी संक्षेप वापरत नाही. 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असा पूर्ण शब्द लिहितो, आणि पोरांनाही तसंच लिहायला लावतो.

अक्षरावरून कळत नसेल तर कोण बोलतंय ते बघा. लाइन विकणारा नेहमी बिटात बोलतो: मोडेमचा डबा, प्लॅनचा कागद, स्पीड टेस्ट. फाइल सांभाळणारा बाइटात बोलतो: ब्राउझरची डाउनलोडची खिडकी, पेन ड्राइव्ह, महिन्याचा डेटा.

५६ किलोबिटला आठने भागलं की ७ किलोबाइट. १०० मेगाबिटला आठने भागलं की साडेबारा मेगाबाइट. गुरुजींचे अकरा कुठून आले, त्याचा मोठा भाग इथेच उलगडतो. उरलेल्या दीडाचा हिशोब सहाव्या पायरीत.

२. दोन्ही आकडे साध्या बिटांवर आणा

किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी. लाइनच्या वेगात हे असंच चालतं, इथे फाइलच्या आकारात असते तशी १०२४ ची भानगड नाही. लाख-कोटीत लिहिलं की फरक लगेच नजरेत भरतो. जुनं मोडेम सेकंदाला ५६ हजार बिट, गुरुजींचं फायबर सेकंदाला १० कोटी बिट. भागा: १७८६ पट.

जुने आकडे कुठल्या पिढीचे ते ओळखायला ही शिडी उपयोगी पडेल. सगळे आकडे सेकंदाला किती बिट, असे आहेत. बेल आणि 'व्ही' ची नावं मोडेमच्या पिढ्यांची, 'पॉन' ची नावं एक धागा अनेक घरांत वाटणाऱ्या फायबरच्या पद्धतींची.

– ३००: बेल १०३, १९६२ साल
– २४००: व्ही.२२बिस
– ९६००: व्ही.३२
– १४,४००: व्ही.३२बिस
– २८,८०० आणि नंतर ३३,६००: व्ही.३४
– ५६,०००: व्ही.९०, १९९८ साल
– १०० कोटी: ईपॉन, जे बऱ्याच केबलवाल्यांकडे आहे
– २४८ कोटी ८३ लाख २० हजार: जीपॉन
– ९९५ कोटी ३२ लाख ८० हजार: एक्सजीएस-पॉन

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अप, म्हणजे फोन लावून होणारी जोडणी ९६०० ची असायची. 'ब्रॉडबँड' या शब्दाची सरकारी पायरीही वर सरकत गेली. २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट, २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे आज कायद्याने ज्याला कसंबसं ब्रॉडबँड म्हणता येतं, तेही माझ्या कॅफेतल्या छत्तीस मोडेमांएवढं झालं. कॅफेत मोडेम एकच होतं आणि त्यावर चार कॉम्प्युटर चालायचे.

३. 'बॉड' लिहिलेलं दिसलं तर थांबा

बॉड हे नाव फ्रेंच तारयंत्र अभियंता एमिल बोदो यांच्यावरून आलं. सेकंदाला तारेवरचा संकेत किती वेळा बदलतो, ते बॉडमध्ये मोजतात. दर बदलामागे किती बिट जातात, ते वेगळं. ३०० च्या मोडेममध्ये एका बदलात एकच बिट जायचा, म्हणून ३०० बॉड आणि ३०० बिट एकच ठरले आणि तिथूनच लोकांच्या तोंडी 'बॉड म्हणजे बिट' बसलं. २४०० बिटवालं व्ही.२२बिस मोडेम मात्र ६०० बॉडवर चालतं, दर बदलात चार बिट. ९६०० वालं व्ही.३२ चालतं २४०० बॉडवर, तिथेही दर बदलात चार बिट.

तेव्हा जुन्या पुस्तिकेत '२४०० बॉड' दिसलं की ते २४०० बिट आहे की ९६०० बिट, हे मोडेमचं मॉडेल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. दुकानदार सर्रास बिटालाच बॉड म्हणायचे, त्यामुळे बहुतेक वेळा २४०० बिटच निघतात. पण गृहीत धरू नका.

४. आठने भागायचं की दहाने?

इथे जाणती माणसंही चुकतात.

कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या सीरियल वायरीवर प्रत्येक बाइटच्या आधी एक 'सुरू' बिट आणि शेवटी एक 'थांब' बिट जातो. आठाचे दहा होतात. म्हणून ९६०० च्या सीरियल पोर्टवरून सेकंदाला १२०० नाही, ९६० बाइट जातात. पुढे फोनच्या तारेवर, चुका दुरुस्त करणारी व्ही.४२ पद्धत चालू असेल तर मोडेम हे जादा बिट काढून टाकतं, आणि तिथे पुन्हा आठने भागायचं.

हा दहाचा हिशोब फक्त संग्रहालयात गेलेला नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्याला अजूनही सीरियल पोर्ट असतो आणि त्याची सेटिंग '९६००, ८, एन, १' अशी लिहिलेली असते: वेग ९६००, कामाचे बिट आठ, तपासणीचा जादा बिट नाही, थांब बिट एक. एका कारखान्यात फायबर टाकल्यावर मला विचारलं गेलं, "आता काट्याचा आकडा झटकन येईल ना?" नाही येणार. फायबर काट्याच्या केबिनपासून ऑफिसपर्यंत आहे. काटा आपले ९६०० च बोलणार, आणि त्याला तेवढे पुरतात. वीस अक्षरांची एक ओळ पाठवायला त्याला एक शतांश सेकंदाच्या दुप्पट वेळ लागतो. फायबरकडच्या डब्यात मात्र वेग चुकून १९२०० ठेवला, तर वजनाच्या जागी निव्वळ कचरा अक्षरं येतात. आम्ही तासभर फायबरच तपासत बसलो होतो.

गंमत म्हणजे हीच आठाला दहाची वरकड ईपॉनमध्ये आहे. ईपॉनच्या काचेच्या धाग्यावर सेकंदाला १२५ कोटी बिट धावतात, पण तिथेही आठ कामाच्या बिटांसाठी दहा पाठवावे लागतात. हातात येतात १०० कोटी. म्हणून ईपॉनच्या डब्याच्या माहितीपत्रकात १.२५ दिसलं तर हुरळून जाऊ नका.

मराठीपुरती अजून एक गोष्ट. 'सेकंदाला इतकी अक्षरं' असं रूपांतर करायचं असेल तर जुन्या रोमन मजकुराला एका अक्षराला एक बाइट लागायचा. युनिकोडमधल्या देवनागरीला नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'नमस्कार' या शब्दात अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ३०० बिटच्या मोडेमवर दहाने भागून सेकंदाला ३० बाइट. एका नमस्काराला पाऊण सेकंद लागला असता.

५. स्क्रीनवरचा आकडा कोणत्या दोन टोकांमधला?

कॅफेत एक कॉलेजचा मुलगा यायचा. एकदा त्याने शेजारच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून भांडण काढलं: "त्याला ११५२०० आणि मला ४४०००? पैसे मात्र सारखेच!" दोघं एकाच मोडेमवर बसलेले होते. आदल्या दिवशी मी मोडेम दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितलं होतं आणि तिथल्या पडद्यावर तो आकडा तसाच राहून गेला होता. ११५२०० हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर वायरीचा वेग. मोडेम नीट कळवत नसेल तर विंडोज तोच आकडा छातीठोकपणे दाखवायचं. फोनच्या तारेवर खरा वेग ४४००० च होता.

आज कपडे बदलून हीच फसगत येते. कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या खिडकीत '१ गीगाबिट' दिसतं, तो कॉम्प्युटर ते राउटर या वायरीचा वेग. मोबाइलवर '८६६' दिसतं, तो मोबाइल ते राउटर या वायफायचा. तुमच्या प्लॅनशी दोन्हींचा संबंध नाही. मोडेमच्या ११५२०० ची तुलना करायचीच असेल तर ती या १ गीगाबिटशी करा, आणि ४४००० ची प्लॅनच्या आकड्याशी.

६. छापील वेग सोडा, फाइल उतरवून बघा

माझी कॅफेची वही अजून आहे. त्यात एक नोंद: गाणं, ३.२ मेगाबाइट, १२ मिनिटं ४० सेकंद, जोडणी ४५३३३. गणित करून बघू.

विंडोज फाइलचा आकार १०२४ च्या पटीत सांगतं. म्हणजे त्याचा एक मेगाबाइट हा १०,४८,५७६ बाइटांचा. ३.२ ने गुणलं की साधारण ३३ लाख ५५ हजार बाइट, आठने गुणलं की २ कोटी ६८ लाख बिट. त्याला ७६० सेकंदांनी भागा. ३५,३०० बिट. डब्यावर ५६ हजार, जोडणीत ४५ हजार, हातात ३५ हजार. मधले दहा हजार गेले डेटाचा प्रत्येक तुकडा ज्यात घालून पाठवतात त्या पत्ते लिहिलेल्या पाकिटांच्या वजनात, वाटेतल्या चुका पुन्हा पाठवण्यात आणि सेवा देणाऱ्याच्या पुढच्या गर्दीत.

आता गुरुजींचे ११.२. तेही विंडोजचे मेगाबाइट. ११.२ गुणिले १०,४८,५७६ गुणिले ८, म्हणजे ९ कोटी ३९ लाख बिट, अर्थात ९४ मेगाबिट. शंभरच्या लॅन पोर्टवर यापेक्षा फारसं मिळत नाही. कारण १४६० बाइटांचा माल पोचवायला वायरीवर १५३८ बाइटांची जागा जाते. म्हणजे गुरुजींची लाइन तुडुंब भरून चालली होती.

तुलना करताना एकाच जातीचे आकडे समोरासमोर बसवा. छापीलला छापील: १७८६ पट. हातात येणाऱ्याला हातात येणारं: ९४ मेगाबिट भागिले ३५.३ किलोबिट, २६६० पट. जाहिरात लिहिणाऱ्याला १० कोटी भागिले ३५ हजार करायचा मोह होतो आणि आकडा २८०० च्या पुढे जातो. ते अर्धं छापील, अर्धं हातातलं. ते गाणं गुरुजींच्या लाइनवर पाव सेकंदापेक्षा जरा जास्त वेळात येतं.

इथला एक नेहमीचा सापळा: प्लॅन २०० चा आणि कितीही वेळा मोजलं तरी ९४ च. लाइनला दोष देण्याआधी लॅनची वायर बघा. शंभरला चार तारा पुरतात, म्हणून घाईत काही जण चारच दाबतात. गीगाबिटला आठही लागतात. वायर बदलली की तक्रार संपते.

दुसरा सापळा जुन्या काळातला. व्ही.४२बिस मोडेम मजकूर दाबून पाठवायचं, जमलं तर चौथाई करून. त्यामुळे नुसत्या अक्षरांचं पान ३३,६०० च्या लाइनवर लाखभर बिटच्या वेगाने आल्यासारखं दिसायचं. झिप फाइल किंवा गाणं आधीच दाबलेलं असतं, त्यावर हा डाव चालायचा नाही. मोजमाप गाण्यावर करा, पानावर करू नका.

७. ४५३३३ हा असला आकडा का?

ही पायरी नाही, माझी हौस आहे. पण ती कळली की दोन्ही काळांची गाठ पक्की बसते.

टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, दर नमुन्याला आठ बिट. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे ६४ किलोबिट. एका फोन संभाषणाची ही जागा. अशा बत्तीस जागांचा गठ्ठा म्हणजे आपल्याकडचा ई-१, २०४८ किलोबिट, त्यात बोलण्यासाठी तीस.

५६ च्या मोडेमचं सगळं तंत्र एक्स्चेंजच्या याच ठोक्यावर नाचायचं. आठ बिटांमधले फार तर सात वापरण्याजोगे, कारण अगदी जवळजवळचे स्तर तारेवरच्या खरखरीत वेगळे ओळखू येत नाहीत. आठ हजार गुणिले सात, छप्पन्न हजार. तार आणखी खराब असेल तर मोडेम पायरी-पायरीने खाली उतरायचं, आणि एक पायरी म्हणजे आठ हजाराचा सहावा भाग, १३३३ आणि वर एक तृतीयांश. अशा चौतीस पायऱ्या म्हणजे ४५३३३. कॅफेत पावसाळ्यात खांबावरच्या पेटीत पाणी गेलं की आम्ही हीच शिडी उतरायचो. ४५३३३, ४२६६७, एक दिवस तर २८०००. वर पाठवायचा वेग मात्र व्ही.९० मध्ये ३३,६०० च्या पुढे जायचाच नाही, कारण आपल्या बाजूची तार साधी होती आणि एक्स्चेंजला तिचे नमुने घ्यावेच लागायचे.

आता जीपॉन. त्याची एक चौकट १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ८००० चौकटी. तोच ठोका! एका चौकटीत ३८,८८० बाइट. गुणून बघा: ३८,८८० गुणिले ८ गुणिले ८०००, बरोबर २४८ कोटी ८३ लाख २० हजार. याचा अर्थ जीपॉनच्या एका धाग्यात फोनच्या ६४ किलोबिटच्या ३८,८८० जागा मावतात, एकही बिट इकडेतिकडे नाही. मोडेमच्या काळातला आकडा जीपॉनच्या भाषेत आणायचा तर किलोबिटला ६४ ने भागा, किती बाइटांची जागा लागली असती ते मिळतं. माझ्या ४५३३३ ला दर चौकटीत एक बाइटही पुरा लागला नसता.

८. धागा एकट्याचा नाही

फोनची तार एक्स्चेंजपर्यंत फक्त आपली असायची. गर्दी लागायची ती त्यापुढे. जीपॉनमध्ये गर्दी खांबावरच्या स्प्लिटरपासूनच सुरू होते. एक धागा ३२ घरांत वाटला तर सगळे एकदम तुटून पडल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ मेगाबिट. ६४ घरांत वाटला तर ३८.८८. असं सगळ्यांनी एकदम तुटून पडणं क्वचितच होतं, म्हणून शंभरचे प्लॅन बिनदिक्कत विकता येतात. वर पाठवायची बाजू याच्या निम्मी, १२४ कोटी, तीही वाटूनच.

नवीन पोरांसाठी: पॉवर मीटरवरचा, म्हणजे धाग्यातला उजेड मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा म्हणजे वेग नाही. उणे २२ डीबीएम (उजेडाचं माप) आलं म्हणून उणे १८ वाल्यापेक्षा नेट हळू चालेल असं काही नसतं. नेहमीच्या जीपॉनला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये उजेड मिळाला की बास. मोडेम खरखरीप्रमाणे पायऱ्या उतरायचं, जीपॉन उतरत नाही. ते २४८ कोटींवरच चालतं, उजेड फार कमी झाला की चुका वाढतात आणि मग डब्यावर लाल दिवा. आणि धाग्याच्या टोकात डोळा लावून उजेड बघायला जाऊ नका. १४९० आणि १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

९. उशीर वेगात धरू नका

"२६६० पट वेग, मग मुलाशी बोलताना आवाज २६६० पट लवकर का पोचत नाही?" हाही गुरुजींचाच प्रश्न. यात दोन गोष्टी आहेत. एक, पाकीट तारेवर चढायला लागणारा वेळ. १५०० बाइटांचं पाकीट ३३,६०० च्या मोडेमवर चढायला ०.३५७ सेकंद लागायचे, शंभरच्या फायबरवर ०.०००१२. इथे पटींत फरक पडतो. दुसरी, पाकीट चालायला लागणारा वेळ. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रंही आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे. शंभरचा प्लॅन हजारचा केलात तरी यातलं काही कमी होत नाही. प्लॅन वाढवून पिंग, म्हणजे हा जाऊन-येऊनचा वेळ, कमी होईल असं कुणी सांगितलं तर पैसे खिशात ठेवा.

१०. महिन्याचा डेटा

बऱ्याच 'अमर्याद' प्लॅनला ३३०० गिगाबाइटची मर्यादा बारीक अक्षरात असते. ५६ चं मोडेम तीस दिवस, चोवीस तास, पूर्ण वेगाने चाललं असतं तर सेकंदाला ७००० बाइट गुणिले २५ लाख ९२ हजार सेकंद, म्हणजे १८ गिगाबाइट. ३३०० भरायला त्याला पंधरा वर्षं लागली असती. शंभरच्या लाइनवर तोच डेटा अखंड डाउनलोडने ७३ तासांत संपतो. मर्यादा ओलांडल्यावर वेग २ मेगाबिटवर आणला तर गाणी, मेसेज, साधा व्हिडिओ कॉल चालतो. मोठ्या पडद्यावरचा सिनेमा अडकतो.

११. तक्रार लिहिताना

सेवा देणाऱ्याकडे 'नेट स्लो आहे' एवढंच लिहून पाठवलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: राउटर बंद करून चालू करा. गुरुजींनी नंतर एकदा अशी तक्रार लिहिली, आणि त्याच संध्याकाळी माणूस आला:

"प्लॅन १०० मेगाबिट. लॅनच्या वायरने, वायफाय बंद ठेवून, रात्री ९ वाजता मोजले. ७०० मेगाबाइटची (७० कोटी बाइट) फाइल उतरायला ४ मिनिटे १५ सेकंद. म्हणजे सुमारे २२ मेगाबिट. सकाळी ६ वाजता तीच फाइल १ मिनिटात. डब्यावरचे दिवे हिरवे."

सकाळी पूर्ण वेग आणि रात्री जेमतेम पाव हिस्सा, म्हणजे गुरुजींच्या घरातली वायर ठीक होती, गर्दी पुढे होती. त्या स्प्लिटरवर एकाच धाग्याला आम्ही गरजेपेक्षा जास्त घरं टांगली होती. निम्मी दुसऱ्या धाग्यावर हलवली.